दिसणाऱ्या क्रौर्यापुरती माया

मेलबर्नहून ॲडलेडकडे जाणाऱ्या वेस्टर्न हायवेवर, स्टॉवेल आणि हॉर्शम या गावांच्या दरम्यान, डॅडस्वेल्स ब्रिज नावाची छोटी वस्ती आहे. तिथे रस्त्याच्या कडेला १४ मीटर उंचीचा, सुमारे १२ टन वजनाचा कोआला बसलेला आहे. आत पोलादी सांगाडा, वर ब्राँझ आणि पोटात भेटवस्तूंचे दुकान. बेन व्हॅन झेटेन या शिल्पकाराने तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस घडवला. ऑस्ट्रेलियात अशी 'बिग थिंग्ज' दीडशेहून अधिक आहेत. कॉफ्स हार्बरचे केळे १९६४ सालचे, तर गूलबर्नचा मेरिनो मेंढा १९८५ चा. या मेंढ्याच्या इतिहासातून साऱ्या प्रकारामागचे अर्थकारण उघड होते, कारण बाह्यवळण रस्त्यामुळे गावातली वर्दळ आटल्यावर २००७ मध्ये त्याला उचलून महामार्गाच्या जवळ नेऊन ठेवावे लागले. पुतळ्याची जागा वाहनांच्या ओघावरून ठरते. ज्या प्राण्याचा तो आहे त्याच्या अधिवासाशी तिचा संबंध असेलच असे नाही.

यात गैर काही नाही. लांबच्या प्रवासात गाडी थांबावी, चार पैसे गावात पडावेत, मुलांचा फोटो निघावा, हा हेतू सरळ आहे आणि ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांकडे निघालेली मेलबर्नची मराठी कुटुंबेही तिथे थांबतात ती याचसाठी. विचार करायचा आहे तो ज्या आपुलकीवर असा पुतळा उभा राहतो तिच्याविषयी. ही आपुलकी खोटी नाही, निष्प्रभही नाही. एका विशिष्ट प्रकारच्या धोक्यापासून तिने कोआलाला खरोखर वाचवले आहे. अडचण अशी की आज त्याच्यासमोर असलेला धोका त्या प्रकारचा उरलेला नाही, आणि जुन्या धोक्यासाठी घडलेली आपुलकी नव्या परिस्थितीत काही ठिकाणी निरुपयोगी, तर काही ठिकाणी अडसर ठरते आहे.

कोआला हा निलगिरीच्या पानांवर जगणारा शिशुधान प्राणी, आपल्या कुळातील एकमेव शिल्लक जाती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याची मऊ, दाट कातडी परदेशी बाजारात मोठ्या प्रमाणावर जात होती. १९१९ मध्ये क्वीन्सलँड सरकारने सहा महिन्यांसाठी शिकार खुली केली तेव्हा सुमारे दहा लाख कोआला मारले गेले असावेत, असे मानले जाते. १९२७ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा शिकार खुली झाली आणि सुमारे सहा लाख कातडी बाजारात आली. या वेळी मात्र लोकक्षोभ एवढा मोठा होता की त्यानंतर कोआलाची शिकार पुन्हा कधीच खुली झाली नाही. एखाद्या वन्यप्राण्याच्या बाजूने जनमत इतक्या निर्णायकपणे उभे राहिल्याची उदाहरणे त्या काळात फार नाहीत.

या यशाच्या अटी नीट पाहायला हव्यात. मारणारा कोण ते माहीत होते. मारण्याचा महिना ठरलेला होता. मेलेल्या प्राण्यांची गणती कातड्यांच्या गठ्ठ्यांवरून होत होती. आणि हे सगळे ज्या एका शासकीय निर्णयातून घडले, तो निर्णय मागे घेता येण्याजोगा होता. म्हणजे कारण दृश्य होते, एकवटलेले होते आणि त्यावर बोट ठेवण्याइतका एकच कर्ता समोर होता. जनमत अशाच ठिकाणी सर्वांत परिणामकारक ठरते.

आता उत्तरेकडील आजची स्थिती घ्या. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेश येथील कोआलांची नोंद केंद्रीय कायद्याखाली २०१२ मध्ये 'असुरक्षित' म्हणून झाली आणि अवघ्या दहा वर्षांत, फेब्रुवारी २०२२ मध्ये, तिचा दर्जा 'संकटग्रस्त' असा एक पायरी अधिक गंभीर करावा लागला. कायदेशीर संरक्षण लागू असतानाच ही घसरण झाली, ही बाब कोणत्याही एका आकड्यापेक्षा अधिक बोलकी आहे. क्वीन्सलँड विद्यापीठातील मिशेल वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २००० ते २०१७ या काळात संकटात असलेल्या जातींचा संभाव्य अधिवास ७७ लाख हेक्टरांनी घटला, आणि त्यातील ९३ टक्के तोड केंद्रीय मूल्यमापनासाठी पाठवलीच गेली नव्हती. क्षेत्रफळाच्या दृष्टीने सर्वाधिक अधिवास गमावणाऱ्या जातींत कोआला होता. त्याच्या वाट्याचे नुकसान दहा लाख हेक्टरांच्या आसपास होते.

हे कसे घडते? एखादा पशुपालक कुरण वाढवण्यासाठी काही हेक्टर साफ करतो, एखादी नगरपालिका उपनगराला परवानगी देते, कुठे रस्ता रुंद होतो. यातील प्रत्येक कृती वेगळी पाहिली तर 'लक्षणीय परिणाम' या कायदेशीर निकषाखाली येण्याइतकी मोठी दिसत नाही, आणि ती तशी आहे की नाही हे प्रथम ठरवायचे असते ते तोड करणाऱ्यानेच. एकूण बेरीज कुणाच्याच टेबलावर येत नाही. तोडीत कोआला लगेच मरतोच असेही नाही. तो उरलेल्या झाडांच्या तुकड्यात सरकतो, जमिनीवर अधिक अंतर चालतो, गाड्यांखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी सापडतो. आधीच शरीरात असलेला क्लॅमिडियाचा संसर्ग ताणाखाली बळावतो, माद्या वांझ होतात. त्यात दुष्काळ आला की पानांतले पाणी कमी होते, आणि बहुतेक पाणी पानांतूनच मिळवणाऱ्या प्राण्याला ओढ्याकाठची झाडे हाच आसरा उरतो. क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्येकडील मल्गा प्रदेशात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या सुमारे दीड दशकात कोआलांची संख्या जवळपास ८० टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. तिथे कुणी बंदूक उचललेली नव्हती.

या संदर्भात डॅडस्वेल्स ब्रिजच्या पुतळ्याचे नाव सूचक आहे. २००९ च्या उन्हाळ्यात व्हिक्टोरियातील वणव्यांच्या वेळी एक अग्निशामक होरपळलेल्या कोआलाला बाटलीने पाणी पाजत असल्याचे छायाचित्र जगभर गेले. 'सॅम' असे नाव मिळालेली ती मादी दक्षिण गिप्सलँडमधील मर्बू नॉर्थ परिसरातली होती, आणि पुढे महामार्गावरचा पुतळाही तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. भाजलेल्या पंजांवरील उपचारांनंतर ती सावरत होती. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्लॅमिडियामुळे झालेल्या, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या गाठींमुळे पशुवैद्यांना तिला दयामरण द्यावे लागले. छायाचित्रात आग दिसत होती, रोग दिसत नव्हता. जगाच्या स्मरणात राहिली ती पाण्याची बाटली.

दक्षिणेत या आपुलकीचा परिणाम उलट्या दिशेने होतो, आणि हा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. व्हिक्टोरियाच्या मुख्य भूमीवरून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत कोआला जवळजवळ नाहीसा झाला होता. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेस्टर्नपोर्ट उपसागरातील फ्रेंच बेटावर मोजके प्राणी नेऊन सोडलेले होते. तिथे भक्षक नाही, क्लॅमिडिया नाही. काही दशकांत ते इतके वाढले की झाडे बोडकी होऊ लागली. १९२० च्या दशकापासून वन्यजीव खात्याने हे जादा प्राणी उचलून राज्यभर सोडायला सुरुवात केली. आज व्हिक्टोरियात दिसणारे बहुसंख्य कोआला हे त्या मूठभर प्राण्यांचे आणि जवळच्या फिलिप बेटावरील अशाच लहान समूहाचे वंशज आहेत. संख्येच्या दृष्टीने हा पुनर्वसनाचा मोठा विजय. आनुवंशिक दृष्टीने ती अतिशय अरुंद वाट आहे. मूळच्या व्हिक्टोरियन कोआलाची विविधता तुलनेने शाबूत राहिली ती स्ट्रझेलेकी डोंगररांगांच्या आसपासच्या गिप्सलँडमधील समूहात.

या इतिहासामुळे दक्षिणेतील अनेक ठिकाणी समस्या घटण्याची नाही, दाटीची आहे. व्हिक्टोरियातील केप ओटवेच्या मॅना गम या निलगिरीच्या जंगलात २०१३ पर्यंत कोआलांची घनता तिथली झाडे पेलू शकतील त्याच्या कितीतरी पुढे गेली. झाडे वाळू लागली, प्राणी उपाशी मरू लागले. २०१३-१४ मध्ये राज्याच्या वन्यजीव विभागाने सुमारे ७०० खंगलेल्या कोआलांना दयामरण दिले. आणि ही मोहीम जाहीर न करता पार पाडली गेली, हे २०१५ मध्ये उघडकीस आले. गुप्ततेचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही, पण तिचे कारण समजण्यासारखे आहे. दाटी होण्याआधी, संख्या आटोक्यात असतानाच केलेला हस्तक्षेप सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी क्रूर असतो; पण त्या टप्प्यावर झाडे हिरवी असतात, प्राणी धष्टपुष्ट दिसतात आणि लोकांना पटेल असे संकट समोर नसते. संकट दिसू लागते तेव्हा उपाय म्हणून हाती उरतो तो मृत्यू, म्हणजे १९२७ पासून ज्याच्या विरोधात लोकभावना घडलेली आहे नेमका तोच.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील कांगारू बेटावर हाच क्रम अधिक सावकाश घडला. १९२० च्या दशकात तिथे फ्रेंच बेटावरून १८ कोआला आणले गेले. कोआला त्या बेटाचा मूळचा रहिवासी नव्हता. १९९० च्या दशकात ओढ्यांकाठची झाडे मरू लागल्यावर तज्ज्ञांनी संख्या कमी करण्यासाठी मारण्याचा पर्यायही मांडला, पण पर्यटनावर आणि देशाच्या प्रतिमेवर होणाऱ्या परिणामाच्या धास्तीने तो नाकारला गेला. त्याऐवजी १९९७ पासून हजारो प्राण्यांचे निर्बीजीकरण आणि काहींचे स्थलांतर हा खर्चिक मार्ग धरला गेला. नंतरही संख्या वाढतच राहिली आणि २०१९-२० च्या वणव्यांपूर्वी ती सुमारे ५० हजारांवर असल्याचा अंदाज होता. बेटाचा जवळपास निम्मा भाग जळाला तेव्हा त्यातील बहुतेक प्राणी मेले. व्हिक्टोरियाच्या बज बिम राष्ट्रीय उद्यानात मार्च २०२५ मध्ये वीज पडून वणवा लागल्यावर भाजलेल्या आणि उपाशी पडलेल्या शेकडो कोआलांना हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालण्यात आल्या. त्यावर उसळलेला संताप खरा होता, आणि त्यातले काही आक्षेप योग्यही होते: हवेतून नेम धरताना मादीच्या पिशवीत पिल्लू आहे की नाही हे कसे कळणार, हा त्यांपैकी एक. पण वणव्याच्या आधी त्या जंगलात इतके कोआला का जमले होते, हा प्रश्न त्या गदारोळात बराच मागे पडला.

थोडक्यात, उत्तरेत ही आपुलकी कारणापर्यंत पोचत नाही आणि दक्षिणेत वेळेवर हस्तक्षेप होऊ देत नाही. दोन्हींचे मूळ एकच. आपुलकी एका प्राण्याशी जडते, आणि संवर्धनाचे एकक असते समूह: विशिष्ट भूभागातील, विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेला, विशिष्ट झाडांवर अवलंबून असलेला. 'कोआला वाचले पाहिजेत' या वाक्याला व्यवस्थापनाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच अर्थ नसतो, कारण क्वीन्सलँडचा एक समूह नष्ट होणे आणि कांगारू बेटावर दहा हजार जादा प्राणी असणे यांची वजाबाकी करून मिळणारी सरासरी कोणत्याच समूहाचे वर्णन करत नाही. मोजणीही इतकी अवघड आहे की सगळ्यांना मान्य असा आकडा नाही. झाडाच्या शेंड्यात निपचित बसलेला प्राणी माणसाच्या नजरेतून सहज सुटतो. म्हणून आता लेंड्यांची पाहणी, औष्णिक कॅमेऱ्यांचे ड्रोन, नरांच्या हाकांचे ध्वनिमुद्रण, वास काढणारे कुत्रे असे मार्ग वापरले जातात. तरीही ऑस्ट्रेलियन कोआला फाउंडेशन ही संस्था देशभरात लाखापेक्षा कमी कोआला उरल्याचे सांगते, तर २०२० मध्ये केलेला शासकीय अंदाज एकट्या व्हिक्टोरियातच साडेचार लाखांच्या आसपास जातो. एवढ्या अंतरात ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्याला उचलता येतो.

जिथे मोजणी डळमळीत असते तिथे प्रतिमेचा प्रभाव वाढतो. फ्रेंच परिसंस्थाशास्त्रज्ञ फ्राँक कूरशाँ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याविषयी एक विचारप्रवर्तक मांडणी केली. वाघ, सिंह, हत्ती, जिराफ अशा दहा लोकप्रिय प्राण्यांच्या प्रतिमा बोधचिन्हांत, खेळण्यांत, जाहिरातींत इतक्या विपुल आहेत की त्यांची एक आभासी संख्या तयार होते, आणि प्रत्यक्षातील तूट तिच्यामागे झाकली जाते. त्यांच्या एका उदाहरणानुसार २०१० मध्ये फ्रान्समध्ये 'सोफी' नावाचे जिराफाचे सुमारे आठ लाख रबरी बाहुले विकले गेले. आफ्रिकेतील जिवंत जिराफांच्या ते सुमारे आठपट होतात. त्या दहा प्राण्यांत कोआला नव्हता, आणि प्रतिमा वारंवार पाहण्याने धोक्याची जाणीव बोथट होते हे कारण-परिणामाचे नाते अजून पुरेसे सिद्ध झालेले आहे, असे मी म्हणणार नाही. पण प्रतिमा आणि संरक्षण या दोन गोष्टी स्वतंत्रपणे वाटचाल करू शकतात याला ऑस्ट्रेलियाच्याच इतिहासात ठोस दाखला आहे. टास्मानियाने १९१७ मध्ये आपल्या राजचिन्हावर दोन थायलसीन घेतले. तोही शिशुधान प्राणी. सरकारने १८८८ ते १९०९ या काळात मेंढपाळांच्या तक्रारींवरून दोन हजारांहून अधिक थायलसीनांच्या हत्येसाठी इनाम दिले होते. राजचिन्हावर आल्यावर १९ वर्षांनी, जुलै १९३६ मध्ये, त्याला कायद्याने पूर्ण संरक्षण मिळाले, आणि त्याच वर्षी ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील शेवटचा ज्ञात थायलसीन मेला.

प्रतिमेतून निर्माण होणारा पैसा अधिवासापर्यंत पोचला असता तर चित्र वेगळे झाले असते. कोआलामुळे पर्यटनाला वर्षाला सुमारे १.१ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर मिळतात, असा अंदाज ऑस्ट्रेलिया इन्स्टिट्यूटच्या एका अभ्यासाने १९९७ मध्येच केला होता. पण हे उत्पन्न विमान कंपन्या, हॉटेले, प्राणिसंग्रहालये आणि दुकानांना मिळते. ज्याच्या जमिनीवर झाडे उभी आहेत त्याला त्यातले जवळजवळ काही मिळत नाही, तर झाडे तोडल्यावर होणारा फायदा मात्र थेट त्याचाच असतो. २०१४ च्या ब्रिस्बेन येथील जी-२० परिषदेत राष्ट्रप्रमुखांनी कोआला कडेवर घेतले, ते फोटो आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आले. त्याच राज्यात त्या काळात वृक्षतोडीवरील निर्बंध सैल झालेले होते.

आणखी एक किंमत सहसा हिशेबात धरली जात नाही. डॅडस्वेल्स ब्रिजवरून दिसणाऱ्या ग्रॅम्पियन्समध्ये, म्हणजे मूळनिवासींच्या गारिवर्डमध्ये, ब्रश-टेल्ड रॉक वॉलबी हा खडकांत राहणारा छोटा शिशुधान प्राणी नाहीसा झाला होता. २००८ पासून तो पुन्हा वसवण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि त्याची वसाहत अजूनही तुटपुंजी आहे. खऱ्या अर्थाने दुर्मीळ असलेला प्राणी हा. पुतळा मात्र कोआलाचा आहे. ऑस्ट्रेलियाने वसाहतकाळापासून तीसहून अधिक सस्तन जाती कायमच्या गमावल्या, त्यांतल्या बहुतेक लहान चणीच्या, जमिनीवर वावरणाऱ्या, मांजर-कोल्ह्यांच्या भक्ष्यस्थानी पडलेल्या. टॉरेस सामुद्रधुनीतील ब्रॅम्बल के बेटावरचा मेलोमिस हा उंदीर वाढत्या समुद्रपातळीमुळे संपला, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने तो नामशेष झाल्याचे मान्य केले. उंदरासाठी कोण गाडी थांबवणार?

पुढे काय होईल याविषयी निश्चित बोलणे धाडसाचे ठरेल, पण कल दिसतो आहे. हवामान तापत आणि कोरडे होत जाईल तसा कोआलाचा वावर पश्चिमेकडील मैदानांतून आक्रसून किनाऱ्याकडे आणि दक्षिणेकडे सरकेल. म्हणजे राष्ट्रीय बेरजेत व्हिक्टोरियाचा वाटा वाढत जाईल, आणि ती बेरीज फारशी न घटताही जातीची आनुवंशिक संपत्ती उत्तरेत संपत राहील. दक्षिणेतील या विपुलतेचा एक भागही किती अस्थिर पायावर उभा आहे ते पाहायला हवे. नैर्ऋत्य व्हिक्टोरियात लाखाहून अधिक हेक्टरांवर पसरलेला ब्लू गमच्या लागवडीचा पट्टा आहे. उटीच्या डोंगरांवर इंग्रजांनी लावली तीच ही निलगिरी. यातील बरीच लागवड १९९० च्या दशकात आणि नंतर करसवलतीच्या गुंतवणूक योजनांतून झाली. त्या चालवणाऱ्या ग्रेट सदर्न आणि टिंबरकॉर्प या दोन मोठ्या कंपन्या २००९ मध्ये बुडाल्या. झाडे मात्र वाढत राहिली, आणि शेजारच्या जंगलांतून कोआला त्यांत शिरले. २०२० च्या शासकीय अंदाजात अशा लागवडींत ४५ हजारांहून अधिक कोआला धरलेले आहेत.

ही झाडे कागदाच्या लगद्यासाठी दहा-पंधरा वर्षांत कापली जातात, आणि कापणीनंतर पुन्हा लागवड करायची की जमीन कुरणाला द्यायची हे लाकूडचिप्सच्या आणि जमिनीच्या भावांवर ठरते. बज बिमभोवतीही अशा लागवडी आहेत, आणि कापणीमुळे विस्थापित झालेले प्राणी उद्यानातील मोजक्या मॅना गमवर दाटतात, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. कापणीच्या वेळचे नियम कोआलाकडे दुर्लक्ष करत नाहीत. झाडावर प्राणी आढळला तर तो स्वतःहून उतरून जाईपर्यंत ते झाड आणि भोवतालची काही झाडे उभी ठेवावी लागतात; त्यासाठी निरीक्षक नेमलेले असतात. कापणीत प्राणी मरू नये एवढी काळजी यात पुरेपूर घेतलेली आहे. उतरून गेलेला कोआला पुढे कोणत्या झाडावर चढेल, आणि त्या झाडावर आधीच किती कोआला असतील, हे ठरवण्याचे काम कापणी करणाऱ्या कंपनीकडे नाही. शेजारच्या जंगलाची वहनक्षमता मोजून त्याप्रमाणे कापणीचे वेळापत्रक आखण्याची सक्ती आजच्या व्यवस्थेत कुणावरच नाही.